पणजीचा खसरा

जूनमधल्या एका गुरुवारी रात्री साडेदहाला काकांचा फोन आला. काका नऊला झोपणारा माणूस. त्यामुळे स्क्रीनवर नाव दिसलं आणि पोटात गोळाच आला. पण काका तब्येतीचं काही बोलले नाहीत, पावसाचंही नाही. एकदम म्हणाले, "तुझ्याजवळ बाबाजीचा एखादा कागद आहे का रे? सदुसष्टच्या आधीचा पाह्यजे."

ज्यांना हे वाक्य लगेच कळलं त्यांच्या घरात नुकतंच कुणीतरी बारावी झालेलं आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला चालत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी जिल्ह्यातल्या पडताळणी समितीपुढे सिद्ध करावं लागतं की तुमचं घराणं एका ठरावीक तारखेच्या आधीपासून इथलंच आणि त्याच जातीचं आहे. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि आम्हा ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. कागद जितका जुना तितका भारी. माझ्या चुलतभावाच्या मुलीला, म्हणजे पुतणीला, इंजिनिअरिंगला जायचं होतं. मुदत जवळ आलेली. भाऊ नाशिकला, वहिनीची नोकरी, काकांचे गुडघे गेलेले. आणि घरात 'जालावर काहीही शोधून देणारा' अशी ख्याती असलेला प्राणी एकच, तो म्हणजे मी.

मी ऐटीत म्हटलं, "काका, शनिवारी बसून काढतो. सगळं ऑनलाईन आलंय आता."

(या वाक्यावर आमचे काका आजही हसतात.)

महाभूलेखवर आमच्या शेताचा आजचा सातबारा मिळाला. दोन मिनिटांत. त्यावर काका, बाबा आणि दोन आत्या. त्याच्या मागे काहीच नाही. म्हणजे डेटाबेस सुरू व्हायच्या आधी जणू आमचं घराणं अस्तित्वातच नव्हतं. शेवटी आठवडाभराची सुट्टी टाकली आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलो. ही गाडी कोल्हापूरहून निघून अख्खा महाराष्ट्र आडवा कापत गोंदियाला संपते. पुण्याच्या लोकांना ती कुठे संपते याचं कधी कुतूहल वाटत नाही. असो.

आमचं गाव मुर्री. गोंदिया शहराला इतकं लागून की आता शहर कुठे संपतं आणि गाव कुठे सुरू होतं ते रिक्षावाल्यालाच ठाऊक. नावाचा अर्थ काय म्हणून लहानपणी फार डोकं खाल्लं होतं सगळ्यांचं. छत्तीसगढकडे मुरमुऱ्यांना मुर्रा म्हणतात, आणि आमच्याकडे धान इतका की मुरमुऱ्यांचं गाव म्हणून मुर्री असणार, असा शोध मी सहावीत लावला होता. त्याला पुरावा शून्य. पण माझा मीच लावलेला शोध असल्यामुळे तो मला अजून आवडतो.

या गावाची एक गंमत आहे. आमचं घर हललं नाही, पण राज्य तेवढं बदलत गेलं. पणजोबा मध्यप्रांतात जन्मले. आजोबा मध्यप्रांतात जन्मून 'सीपी अँड बेरार'मध्ये संसाराला लागले. बाबा १९५० चे, म्हणजे मध्य प्रदेशातले; तेव्हा त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला सगळेच्या सगळे मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. जिल्हा भंडारा होता, तो १ मे १९९९ ला गोंदिया झाला. १९०८ चं गॅझेटिअर उघडलं तर भंडारा जिल्ह्याच्या तहसिली तीनच: भंडारा, तिरोडा, साकोली. गोंदिया तेव्हा तिरोडा तहसिलीतलं एक गाव, रेल्वे स्टेशनामुळे नाव झालेलं. आता विचार करा, एवढ्या वेळा डेटा मायग्रेशन झाल्यावर कागद कुठे असेल? जुना भंडाऱ्याला, नवा गोंदियाला, मधला कुठेतरी बैलगाडीतून पडला असेल तर देव जाणे.

इथं मला थोडं विषयांतर करावं लागणार. काही वर्षांपूर्वी कामासाठी इंग्लंडात होतो तेव्हा आमच्या टीममध्ये एक पन्नाशीचा टेस्टर होता. दर वीकांताला हा माणूस आपल्या खापरपणजोबांच्या मागावर असायचा. एका शनिवारी मलाही घेऊन गेला. छोटंसं गाव, दगडी चर्च, आवारात शेवाळलेली थडगी. तिथून तो मला जिल्ह्याच्या अभिलेखागारात घेऊन गेला. स्वच्छ खोली, पेन न्यायला बंदी, फक्त पेन्सिल. मायक्रोफिल्मवर त्या चर्चची नोंदवही लावली आणि चाक फिरवत फिरवत १६९० पर्यंत गेला. तिथं त्याच्या घराण्यातलं एक पोर, बाप्तिस्म्याची तारीख, बापाचं नाव. मी चाटच पडलो. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या मंत्र्याने, थॉमस क्रॉमवेलने, हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवावीत. बरीच पानं हरवली, उंदरांनी खाल्ली, पण बरीच उरली. १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंद. १८४१ पासून जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव, आणि शंभर वर्षं उलटली की ती पानं सगळ्यांना खुली. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने कुणा एकाची माहिती कुणालाच पाहायला मिळत नाही. बरोबरच आहे म्हणा, पण पणजोबा शोधणाऱ्याची पंचाईत होते.

त्याला मी विचारलं होतं, "हे शोधून तुला काय मिळणार?" तो खांदे उडवून म्हणाला, काही नाही, मजा येते. त्या दिवशी मला वाटलं होतं की आमच्याकडे असं काही लिहिलेलंच नसणार. ते चूक होतं. आमच्याकडेही लिहिलं होतं, रग्गड लिहिलं होतं. पण शनिवारी मजा म्हणून ते कुणी उघडत नाही. ते उघडलं जातं कोर्टात, भावाभावांच्या वाटणीत, नाहीतर लेकराच्या ॲडमिशनच्या वेळी. आणि त्या वेळी पेन्सिल-बिन्सिल कुणी विचारत नाही, 'अर्ज केला का' एवढंच विचारतात.

पहिल्या दिवशी घरातली लोखंडी पेटी उघडली. त्यात धान विकल्याच्या पावत्या, १९७० च्या दशकातले शेतसाऱ्याचे कागद, माझ्या आजोबांचा एकुलता एक फोटो आणि असंख्य लग्नपत्रिका. कामाचं काहीच नाही. पण पेटी उघडली की कथा निघतातच. आमच्या घराण्याची अधिकृत कथा काकांनी पुन्हा एकदा सांगितली. आम्ही पोवार. मूळचे माळव्यातले, धारचे. तिथून रामटेकजवळच्या नगरधनला, आणि भोसल्यांच्या काळात वैनगंगेच्या खोऱ्यात. छत्तीस कूर, म्हणजे छत्तीस कुळं. घरात पोवारी बोलायची, जिथं 'आहे'ला 'से' म्हणतात. इथवरची कथा सगळ्याच पोवारांची. पुढची खास आमची: आपण मालगुजारांच्या घरचे, आणि आपल्या पणजोबांनी रेल्वेच्या कामावर पैसे कमावून १९२० नंतर 'मोठी बांधी' विकत घेतली. बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. मोठी बांधी आमच्याकडे अजून आहे, आणि 'पणजोबांनी घेतलेली' असं तिचं जवळजवळ आडनावच झालंय. रेल्वेचं जुळायचंही. १८८७ साली स्थापन झालेली बंगाल नागपूर रेल्वे गोंदियावरून गेलेली, आणि १९०३ ते १९०५ च्या सुमारास इथून बालाघाट-नैनपूर-जबलपूरची छोटी लाईन पडली. मातीकामाला माणसं लागणारच.

दुसऱ्या दिवशी शाळा. जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असतं, आणि शासकीय कागदांत मी इतका जपून ठेवलेला कागद दुसरा पाहिला नाही. हेडमास्तरांनी कपाट उघडून, फडक्याने पुसून, माझ्यासमोर ठेवलं. बाबांचं नाव १९५६ च्या पानावर. जन्मतारीख १ जुलै. (त्या पानावरच्या बहुतेक पोरांची जन्मतारीख १ जुलै होती. गुरुजींनी डिफॉल्ट व्हॅल्यू टाकलेली.) आणि जात या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: 'पवार'.

आता हे पाहून पुण्याच्या माणसाला काही वाटणार नाही. पण काकांनी कपाळाला हात लावला. आमच्या समाजाचं नाव कागदोपत्री कुठे पोवार, कुठे पंवार, कुठे पवार असं पडतं. लिहिणारा जसा असेल तसं. हिंदीवाला गुरुजी आला की पंवार, पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेला असला की पवार, त्याच्या कानाला ओळखीचं ते. एका टिंबाने आणि एका काण्याने माणूस बदलतो. माझी मात्र, खोटं कशाला सांगू, या तिन्ही रूपांवर चालेल अशी एक रेग्युलर एक्स्प्रेशन मनात तयारही झाली होती. पण समितीपुढे ती चालत नाही. त्याहून जुना आणि स्वच्छ 'पोवार' लिहिलेला कागद हवा होता.

तो कोतवाल पंजीत असू शकतो, असं हेडमास्तरच म्हणाले.

कोतवाल म्हटलं की आपल्याला नाटकातला कोतवाल आठवतो. मध्यप्रांतातला कोतवाल म्हणजे गावचा चौकीदार. गावात कोण जन्मलं, कोण मेलं हे तो पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचा आणि ते वहीत लिहिलं जायचं. बहुतेक कोतवालांना लिहिता येत नसे. म्हणजे गावाचा जन्म-मृत्यू एका माणसाच्या जिभेवरून चालत ठाण्यापर्यंत जायचा. इंग्लंडातलं चर्च आणि आमचा कोतवाल. काम तेच, फक्त याला थडगी राखायची नव्हती.

अभिलेख कक्षातला अनुभव फार लांबवत नाही. चार दिवस, तीन अर्ज, दोन वेळा 'साहेब नाहीत', एकदा 'पान जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही'. शेवटी एका बाबूंना माझी दया आली. ते म्हणाले, माझ्याकडे शोधायला वेळ नाही, इथं माझ्यासमोर बसा आणि तुम्हीच शोधा, पान हळू उलटा. मी बसलो. वर पंखा, पानांवर काचेची जड पट्टी, आणि मुर्रीचे जन्म.

१९१४ च्या पानावर आजोबा सापडले. म्हणजे, सापडले असं म्हणायचं. नोंदीत बापाचं नाव होतं, गाव मुर्री होतं, जात 'पोवार', ठसठशीत. पण मुलाच्या नावाच्या जागी फक्त 'मुलगा'. त्या काळी कोतवाल ठाण्यात जायचा तेव्हा बारसंसुद्धा झालेलं नसायचं, मग नाव कुठून लिहिणार? पानावरचे सगळेच तसे. मुलगा, मुलगी, मुलगी, मुलगा. मला एकदम हसू आलं आणि मग टेन्शन. हा 'मुलगा' म्हणजे आमचेच आजोबा, हे सिद्ध कसं करणार? बापाच्या नावाचं आणि मुलाच्या नावाचं एकत्र असलेलं दुसरं काहीतरी हवं. आजोबा शाळेत कधी गेले नव्हते.

बाबूंचं लक्ष नव्हतं म्हणून मी मृत्यूंची वही ओढली. ती माझ्या कामाची नव्हती. पण १९१८ चं साल दिसलं आणि हात थांबला नाही.

सप्टेंबरपर्यंत पानं साधी होती. महिन्याला तीन-चार मृत्यू. कारणाचा रकाना: ताप, हगवण, ताप, साप. ऑक्टोबरपासून अक्षर बदललेलं. घाईचं, तिरकं. एकाच तारखेला चार, पाच. कारण: ताप. ताप. ताप. पुढे पुढे लिहिणाऱ्याने 'ताप' लिहायचा कंटाळा करून खाली नुसत्या दोन टिंबांच्या खुणा केलेल्या. एका घरातले तिघे एका आठवड्यात. हा इन्फ्लुएन्झा. मुंबईत जहाजांतून आला, रेल्वेने आत आला, आणि मध्यप्रांत हा देशातल्या सर्वांत जास्त मार खाल्लेल्या भागांपैकी एक. त्या साथीत देशभरात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. त्या वर्षी पाऊसही फसला होता, म्हणजे धानही नाही. हे सगळं मी आधी वाचलं होतं. कोरोनाच्या वेळी तर फारच वाचलं होतं. पण खाली खाली जाणाऱ्या त्या दोन टिंबांच्या खुणा पाहताना काहीतरी वेगळंच होतं.

आणि तिथं पणजोबा होते. ऑक्टोबर १९१८. वय ३०. पोवार. वर 'ताप', खाली टिंबं.

बराच वेळ ते मला कळलंच नाही. म्हणजे कळलं, पण त्याचा हिशेब लागेना. १९२० नंतर मोठी बांधी विकत घेणारा माणूस १९१८ लाच गेला होता? मग बांधी घेतली कुणी?

त्याचं उत्तर जमाबंदीत होतं. मध्यप्रांतातली जमीनव्यवस्था हे एक वेगळंच प्रकरण आहे, पण थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारांना, म्हणजे मुळात सारा गोळा करणाऱ्यांना, गावाचे मालकच करून टाकलं. त्यांच्या स्वतःच्या शेतीला सीर आणि खुदकाश्त म्हणत. बाकीचे कास्तकार. त्यातही पायऱ्या: ज्यांचा हक्क वारशाने चालतो ते मौरुसी, आणि सर्वांत खाली शिकमी, म्हणजे कुळाचं कूळ. ही मालगुजारी संपली ३१ मार्च १९५१ ला, मध्य प्रदेशच्या कायद्याने. पण तोवर प्रत्येक गावची जमाबंदी या पायऱ्यांनुसार लिहिलेली असे. कुठल्या खसऱ्यात कोण, कुठल्या हक्काने, किती एकर किती डिसिमल, लगान किती.

१९२२ च्या मुर्रीच्या जमाबंदीत आमचं खातं मिळालं. मालगुजार-बिलगुजार काही नाही. मौरुसी कास्तकार, सात एकर. (काकांना फोनवर सांगितलं तेव्हा ते दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "ते पान कोणाले दाखवू नको.") खातेदाराच्या जागी आजोबांचं नाव, वल्द म्हणून पणजोबांचं नाव, आणि पुढे लिहिलेलं: 'नाबालिग, वली माँ', आणि त्यापुढे 'मुसम्मात' लावून एका बाईचं नाव, 'बेवा' अमुक.

माझ्या पणजीचं नाव. ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो. बाबांनाही माहीत नव्हतं. काकांनाही नाही.

१९२९ च्या जमाबंदीत खातं तेच, आजोबा अजून नाबालिग, वली तीच. जमीन मात्र अकरा एकर. वाढलेल्या चार एकरांच्या खसऱ्याचा नंबर मी वहीत उतरवला आणि आजच्या नकाशाशी जुळवायला तलाठी कार्यालयात गेलो. मध्ये नंबर बदललेत, त्यामुळे दीड दिवस गेला. ती मोठी बांधी होती.

म्हणजे साथीत नवरा गेलेली, चार वर्षांचा मुलगा पदरात असलेली एक बाई. तिने सात एकरांचा लगान अकरा वर्षं भरला. एक वर्ष जरी थकलं असतं तरी मालगुजाराने दावा ठोकला असता. आणि वर आणखी चार एकर मिळवले. नव्या जमिनीसाठी मालगुजाराला नजराणा द्यावा लागायचा, तोही कुठून तरी उभा केला. आणि घराण्याने त्या बांधीचं श्रेय दिलं तिच्या मेलेल्या नवऱ्याला.

त्या संध्याकाळी मोठ्या आत्याकडे गेलो. आत्या शहाऐंशी वर्षांच्या, गोंदियातच मुलाकडे असतात. ऐकू कमी येतं, आठवतं सगळं. मी कानाशी जाऊन पणजीचं नाव घेतलं. आत्यांनी मान हलवली. "असं कोणी नाही आपल्यात."

"तुमची आजी होती ती, आत्या. तुमच्या बाबांची माय."

"हाव? ते तर लांजीवाली."

आमच्याकडे सून घरात आली की तिचं नाव जातं आणि माहेरचं गाव राहतं. आमगाववाली, कामठावाली, लांजीवाली. आत्या नऊ वर्षांच्या होईपर्यंत आजी हयात होती, पण तिला नावाने हाक मारलेली त्यांनी कधी ऐकलीच नाही. मग आत्या बोलत सुटल्या. लांजीवाली रोवण्याच्या दिवसांत पळसाच्या पानांचं इरलं घेऊन धुऱ्यावर बसायची आणि पऱ्ह्यांच्या जुड्या मोजायची. मजुरीणींना घरातल्याच भांड्यातून पेज द्यायची. अक्षर येत नव्हतं, पण उधारीचा हिशेब भिंतीवर शेणाच्या ठिपक्यांनी ठेवायची, आणि दिवाळीला भिंत सारवायच्या आधी सगळ्यांना बोलावून ठिपके मोजून दाखवायची. तंबाखू खायची. एकदा मालगुजाराचा माणूस दारात आला तेव्हा ती आतून म्हणाली होती की घरात पुरुष नाही, लगानाची पावती आण, मग दार उघडते.

"तुम्ही हे कधी सांगितलं नाही, आत्या?"

"कोणी इचारलंच नाही ना बाप्पा. तुम्ही लोक पणजोबा पणजोबाच करता."

भाट यायचे का, मी विचारलं. यायचे म्हणे, दर काही वर्षांनी, जाडी पोथी घेऊन; ओसरीवर बसून कूर, गाव, नावं वाचायचे, शिधा आणि पैसे घ्यायचे. त्यात बायका होत्या का? आत्या हसल्या. तोंडात दात नाहीत, पण काय सुरेख हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका म्हणाले चल, शेत दाखवतो. जणू मी पाहिलंच नव्हतं. पण खरंच नव्हतं पाहिलं. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स नावाचा एक इंग्रज इतिहासकार होता, त्याने १९५५ साली इंग्लंडच्या भूदृश्यावर पुस्तक लिहून सांगितलं की कुंपण, वाट, शेताचा आकार हेही दस्तऐवजच. त्या टेस्टरने मला ते भेट दिलं होतं आणि मी ते चाळून ठेवून दिलं होतं. काकांना हॉस्किन्स माहीत नाही, पण गुडघे धरून चालता चालता ते तेच करत होते. ही वाट गोहन, गुरं आखरावर न्यायची. म्हणून इथं बांधी तिरकी, बघ. ही बोडी, म्हणजे छोटं तळं, सगळ्यांची. हिच्यातून कोण कधी पाणी घेणार, माती कोण नेणार, मासे कुणाचे, हे ठरलेलं.

मग मी त्यांना सांगितलं की हे ठरलेलं लिहिलेलंही आहे. वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात गावचे रिवाज नोंदवत, आणि निस्तार पत्रकात कुठल्या जागी गुरं चारायची, जळण कुठून, मुरूम कुठून, मसणवट कुठे. मला विचाराल तर आमच्याकडचा सर्वांत देखणा गाव-इतिहास तोच, आणि तो कुणी वाचत नाही, अतिक्रमणाचा खटला उभा राहिला तरच काढतात. आता मोठ्या बांधीच्या तिन्ही बाजूंना ले-आउट पडलेत. दगड रोवून प्लॉट पाडलेले, रंगवलेल्या पाट्या. गोहनावर एक बंगला. काकांना दर महिन्याला कुणीतरी भाव विचारतो. भाव ऐकून माझे डोळे पांढरे झाले. पुण्यातला माझा फ्लॅट आठवला, त्याचे हप्तेही. काका धुऱ्यावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लांजीवालीनं घेतली म्हणतोस?"

"हो."

"मंग इकाले जड जाईल."

बरं, पुतणीचं. १९१४ च्या नोंदीत जात होती, बाप होता, पण मुलाचं नाव नव्हतं. १९२२ च्या जमाबंदीत मुलाचं नाव होतं, बापाचं नाव होतं, पण जात नव्हती. दोन टेबलं, एकच सामायिक की. पणजीने वली म्हणून नोंद करून घेतली नसती, जमीन दिराच्या नावावर जाऊ दिली असती, तर 'मुलगा' तो 'मुलगा'च राहिला असता. दोन्ही नकला लावल्या, बाबांचं शाळेतलं 'पवार' कसं झालं याचा खुलासा जोडला, वंशावळीचं शपथपत्र केलं. त्या शपथपत्रात पणजोबा, आजोबा, काका, भाऊ, पुतणी अशी सरळ रेघ. नोटरीकडच्या टायपिस्टला मी विचारलं की पणजोबांच्या शेजारी पणजीचं नाव टाकता येईल का. तो म्हणाला, "गरज नाही ना साहेब." १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आता आईचं नाव सक्तीचं आहे, तर ती १८९० च्या आसपास जन्मलेली, तिच्यासाठी कॉलम नाही. पुतणी शेजारी बसून मोबाईल बघत होती. तिने मोबाईल ठेवला, घरच्या झेरॉक्स प्रतीवर पेनाने पणजीचं नाव लिहिलं, शेजारी कंसात 'लांजीवाली'. समितीला गेलेल्या प्रतीत ते नाही.

ऑगस्टमध्ये वैधता मिळाली. ती आता पहिल्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरच घेतलंय, कितीही नको म्हटलं तरी.

(पणजीचं नाव मी इथं लिहिलेलं नाही हे एव्हाना लक्षात आलं असेल. घरातल्यांची नावं जालावर टाकायची नाहीत असा आमच्या घरी करार आहे. मला इथं तो मोडायचा होता. काकांनी हो म्हटलं होतं, आत्यांनी नको म्हटलं.)

आत्यांकडून निघताना एक गोष्ट लक्षात आली होती. त्यांच्या शेजारची म्हातारी डोकावून गेली, विचारत होती, "मुर्रीवाली, पाव्हणे आले का?" सत्तर वर्षं झाली आत्यांच्या लग्नाला. मी त्यांना विचारलं, तुमचं नाव इथं किती जणांना माहीत आहे? त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली आणि तिसऱ्या बोटाला थांबून म्हणाल्या, रेशनवाल्याला.

लांजी १९५६ पासून मध्य प्रदेशात राहिली, बालाघाट जिल्ह्यात. आमच्या बाजूने आमगाववरून रस्ता आहे. तिथल्या कोतवाल पंजीत १८९० च्या आसपासची पानं शिल्लक आहेत का, हे विचारायला बालाघाटला अर्ज टाकलाय. मिळालं तरी तिथं 'मुलगी' एवढंच असणार, ते ठाऊक आहे. दिवाळीत काका, मी आणि पुतणी जाऊन येणार आहोत. काका म्हणतात किल्लाही बघून होईल.